माझ्या क्लोज-अपवर कोणाचा तरी डोळा

३ फेब्रुवारी, सकाळी ७
आजपासून शूटिंग. प्रमुख भूमिका माझीच. सिनेमा अंडरग्राउंड, म्हणजे परवानगी नाही, पोस्टर नाही, थिएटर नाही. ताईने विचारलं, तळघरात करतात म्हणून अंडरग्राउंड का? शूटिंग बंद छापखान्याच्या तळघरात आहे, हा निव्वळ योगायोग.
संकल्प : कोणावरही संशय घ्यायचा नाही. मागचं नाटक त्यामुळेच सुटलं म्हणतात. म्हणणाऱ्यांची नावं माझ्याकडे आहेत.

४ फेब्रुवारी
चाळीस मिनिटं भिंतीकडे तोंड करून बसले. दिग्दर्शक म्हणाला, पाठीने अभिनय करा. केला. पाठ धरलीय.
कॅमेरावाली नजर चुकवते. ही फक्त नोंद. संशय नाही.

७ फेब्रुवारी
दिग्दर्शक आणि कॅमेरावाली जिन्याखाली कुजबुजत होते. मी गेले तशी गप्प. मग दिग्दर्शकाने स्वतः मला चहा आणून दिला, बिस्किटांसकट. हा माणूस स्वतःचा कपसुद्धा उचलत नाही. कुठेतरी पाणी मुरतंय.

८ फेब्रुवारी
कळलं. झाडायला येणाऱ्या मावशी. कॅमेरावालीने त्यांना झरोक्याखाली उभं करून उजेड मोजला. म्हणे, मीटर तपासतेय. मावशींचा चेहरा चांगला आहे, मी मोकळ्या मनाची आहे. म्हणूनच धोका.
सहज विचारलं, सिनेमात काम करणार का? म्हणाल्या, पाय उचला, फरशी ओली आहे. बाई पक्की आहे.

११ फेब्रुवारी
ताई म्हणते, सरळ विचार ना त्यांना. सरळ विचारलं तर सावध होतील. हिला यातलं काही कळत नाही.
उद्यापासून फक्त अभिनय. कानोसा मधल्या सुट्टीतच.

१२ फेब्रुवारी
मधली सुट्टी पुरली नाही. बाथरूमला जाते सांगून सामानाच्या खोलीच्या दाराला कान लावला. आत दोघं. दिग्दर्शक म्हणाला, तिला सांगणार कोण? कॅमेरावाली म्हणाली, तुम्हीच सांगा, मला तिची भीती वाटते. डाव्या कानाला रग लागली, मग उजवा लावला.
खोलीबाहेरच्या बोळाच्या टोकाला कॅमेरा स्टँडवर एकटाच घरघरत होता. फिल्म अशी वाया घालवतात.

१६ फेब्रुवारी
दोघांना गाठलं. म्हटलं, माझ्या जागी मावशींना घेतलंय, मला सगळं माहीत आहे. मग कॅमेरावाली रडायलाच लागली.
पहिल्या दिवसापासून कॅमेऱ्यात उजेड शिरत होता. माझे सगळे शॉट पांढरेफटक. पाठ गेली, चेहरा गेला. नवी फिल्म मिळत नाही आणि तळघर उद्या रिकामं करायचंय. कॅमेरा दुरुस्त केल्यावर चाचणी म्हणून बोळात चालू ठेवला होता, तेवढंच नीट आलंय.
मावशींचा काही संबंध नव्हता. निदान असं ते म्हणतात.
आज जेवले नाही. ताईने ताट झाकून ठेवलं. इतके दिवस मी खरंच चांगलं काम केलं होतं. पाहिलं कोणी नाही, पण केलं होतं.

२ एप्रिल
सिनेमा दाखवला. कोणाच्या तरी गॅरेजमध्ये, चादरीवर. प्रेक्षक अकरा, ताई धरून. सिनेमा सहा मिनिटांचा. त्यात मी एकटीच : बंद दाराला कान लावून, श्वास रोखून. मग दुसरा कान.
एक चष्मेवाल्या बाई उठून म्हणाल्या, इतका खरा संशय मी पडद्यावर पाहिला नव्हता, तयारी कशी केलीत? सांगितलं, कित्येक महिन्यांचा अभ्यास. दिग्दर्शक खाली मान घालून हसला. का हसला, ते काढायला हवं.
परतताना ताईला विचारलं, कशी वाटले? ताई म्हणाली, त्यात नवीन काय, मला फोन आला की घरी तू दाराआड अशीच उभी असतेस.
हे तिला कोणी सांगितलं?