आईच्या खोलीतला जळका वास

रेनो,

आईला माझ्याकडे डुलुथला नेतेय. तिच्या खोलीची वीज बंद केली आहे. मी येईपर्यंत ब्रेकरच्या पेटीला हात लावू नकोस.

हीटर पंधराशे वॅटचा, घरात एकशेवीस व्होल्ट. भागून बघ, साडेबारा अँपियर येतात. तू एकाच लाइनवर दोन लावलेस, एक आईच्या खोलीत, दुसरा गराजमध्ये पत्ते कुटणाऱ्या मित्रांसाठी. झाले पंचवीस. भिंतीतली तार सोसते पंधरा. म्हणून ब्रेकर सारखा पडत होता, तर तू तीसचा ब्रेकर बसवलास! म्हणजे तार जळाली तरी तो पडायचा नाही. धन्य आहे तुझी. वीस वर्षं वायरिंग करणाऱ्या बहिणीला एक फोन करवला नाही.

आई पंधरा दिवस सांगत होती, जळका वास येतोय. तू मला म्हणालास, "अगं, म्हातारीला भास होतात." आज तिच्या पलंगामागचा सॉकेट उघडला. आत कोळसा झालाय. टेबलावर ठेवलाय, डोळे असतील तर बघ.

आई गाडीत बसली आहे. म्हणते, "त्याला ओरडू नकोस. मला थंडी वाजू नये म्हणूनच केलं त्यानं."

म्हणून लिहितेय.

तुझी बहीण,
आयला