अर्ध्या तासात येते लाइन

बाबा, आज तुमच्यावर थोडी रुसूनच लिहायला बसले आहे. खोटं बोलायची धास्ती तुम्हीच माझ्या मनात घातलीत, आणि नोकरी करायला पाठवलंत ते नेमकं वीजखात्यात.

बाभुळगावच्या अलीकडे तुमचं सबस्टेशन आणि त्याला लागून आपलं दोन खोल्यांचं क्वार्टर. तिथल्या फोनची एक जोडणी आपल्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याशेजारी. लाइन गेली की दोन्ही फोन वाजायचे. बाकीचे ऑपरेटर रिसीव्हर काढून ठेवायचे, नाहीतर 'अर्ध्या तासात येते' म्हणून मोकळे व्हायचे. तुम्ही मात्र अख्खं पुराण सांगायचात. "ट्रान्सफार्मर जयला, भाऊ. स्टोरात दुसरा नाही. आज काही लाइन येत नाही, पाणी भरून ठेवा." लोक शिव्या द्यायचे. साहेब म्हणायचे, खात्याची अब्रू चव्हाट्यावर मांडता काय? तुम्ही मान खाली घालून ऐकायचात आणि पुढच्या फोनला पुन्हा तेच सांगायचात.

एका दुपारी ड्यूटी संपवून तुम्ही जेवायला बसला आहात, आई भाकरी थापते आहे, आणि फोन मी उचलते. नववीत असेन. पलीकडचा माणूस गावाचं नाव सांगून म्हणतो, लग्नघर आहे, विहिरीवरची मोटार बंद पडली, लाइन कधी येते? मी ऐटीत सांगते, "अर्ध्या तासात येते, काका." तुमचा घास हातातच राहतो. "कोणतं गाव?" एवढंच विचारून तुम्ही भरल्या ताटावरून उठता, हात धुता, सायकल काढता. ट्रान्सफॉर्मर जळलेल्या त्या गावी भर उन्हात जाऊन, लग्नघर शोधून, आज लाइन येणार नाही असं सांगून परत येता. मला मारलं नाहीत. "लाइन नसली तरी चालते लोकाइले," म्हणालात. "सांगून ठेवलं तर बैलगाडीनं पाणी आणतात. तू त्याइले घरीच बसवून ठेवलं असतं."

आता मी इंजिनिअर आहे. ऑफिसात भिंतीवर मोठा स्क्रीन आहे, आणि आमचा कारभार किती पारदर्शक आहे ते पाहुण्यांना त्यावर दाखवतो. स्टोरात ट्रान्सफॉर्मर आहे की नाही, तेवढं त्यावर दिसत नाही. लाइनमनच्या जागा रिकाम्या आहेत, तेही नाही. वरून निरोप असतो की कारण 'तांत्रिक बिघाड' लिहा, स्टोरचं बोलू नका. मी बोलत नाही.

गेल्या महिन्यात एका माणसाचा फोन आला. त्याची आई घरी ऑक्सिजनच्या मशीनवर होती आणि गावचा ट्रान्सफॉर्मर सकाळीच जळला होता. दोन दिवस तरी काही होत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी सवयीनं तोंडातून निघून गेलं, "अर्ध्या तासात येते." फोन ठेवला आणि लगेच त्याचा नंबर काढला. परत लावला तर लागेना. दिवसभर लावत राहिले.

चौथ्या दिवशी तो स्वतःच ऑफिसात आला. आई यवतमाळच्या दवाखान्यात आहे, बरी आहे म्हणाला. माझे डोळे भरून आले. म्हटलं, "दादा, मी तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

तो हसला. "अर्धा तास म्हटलं तुम्ही, मॅडम, तवाच मले समजलं का आज लाइन येत नाही. लगेच गाडी केली अन् नेलं तिले."

त्याच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग तो म्हणाला, "आईले घरी आणाचं आहे. आता खरं सांगा." आमचे साहेब शेजारीच बसले होते. मी सांगितलं, स्टोरात ट्रान्सफॉर्मर नाही, कधी येईल ते मलाही माहीत नाही. त्यानं मान हलवली. आईला तोवर बहिणीकडे ठेवतो म्हणाला.

हे वाचून तुम्हाला बरं वाटलं असतं. पण पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा एक राहिलेलंही लिहून टाकते. शेवटच्या आठवड्यात दवाखान्यात तुम्ही मला विचारलंत, "घरी कधी नेतं, बाई?" डॉक्टरांनी मला सकाळीच सगळं सांगितलं होतं. मी तुमचा हात धरून म्हणाले, "उद्या, बाबा." आणि तुम्ही लगेच आईला पिशवी भरायला सांगितलीत.