तळ्याकडची खिडकी

प्रिय दादा,

तळ्याकाठी मी पडद्यांचं दुकान टाकलं, तेव्हा तू हसला होतास, "इथे काय बगळ्यांना पडदे विकणार?" आता ये आणि बघ! इमारतीला इमारत खेटलीय, शेजाऱ्याच्या ताटातलं दिसतं, आणि मला मान वर करायला फुरसत नाही.

गेल्या आठवड्यात वहिनीचा फोन आला. तुम्ही इथेच घर घेतलंय म्हणे, माझ्या दुकानासमोरच! "यांना कळू देऊ नकोस हं, तुला सांगायला लाजतायत." म्हणून हे पत्र टाकत नाही.

तुमचे पडदे शिवून तयार आहेत. तळ्याकडच्या खिडकीला मात्र मुद्दाम शिवला नाही. तिथून बगळे दिसतात आणि माझ्या दुकानाची पाटीही. रोज चहा पिताना वाचत जा.

तुझीच,
बगळ्यांची शिंपीण