सासूबाईंची गाडी आणि हवेचं माप

सोमवार, ३

बसवला! हवा मोजणारा नवा सेन्सर, जुन्यापेक्षा रुंद नळीचा. सासूबाईंची लाडकी गाडी आता छाती भरून श्वास घेईल. रविवारी चढाची शर्यत आहे — पासष्टाव्या वर्षी बाई स्टिअरिंगवर! आणि लग्नाला आठ वर्षं झाल्यावर पहिल्यांदा गाडीला हात लावू दिलाय मला. "बिघडवलीस तर परत बोनेट उघडायचं नाही," म्हणाल्या.

मंगळवार, ४

गाडी आचके देतेय. कारण लगेच ओळखलं, शहाणी ना मी! रुंद नळीतून हवा येते जास्त, पण गाडीतल्या कॉम्प्युटरकडे हवा मोजायचा तक्ता जुन्याच नळीचा. त्याला वाटतं हवा कमी, म्हणून पेट्रोलही हात आखडून सोडतो. माप अर्ध्या लिटरचं आणि मोजणी पाव लिटरची! मग मी लॅपटॉप लावून सरळ पेट्रोलच वाढवून दिलं. सपाट रस्त्यावर काय पळाली! "झालं काम," सासूबाईंना सांगितलं. कॉलर ताठ.

बुधवार, ५

नाक कापलं गेलं. सासूबाईंनी चढावर नेली, मी शेजारी. मध्येच काच खाली करून म्हणाल्या, "सूनबाई, इंजिन दात वाजवतंय."

"रस्ता खडबडीत आहे हो," म्हटलं.

कसला खडबडीत! गुळगुळीत होता. धडधडीत खोटं बोलले.

गुरुवार, ६

नवरा म्हणतो, "आईला सांगून टाक." याचं काय जातंय!

सकाळपासून लॅपटॉप घेऊन गाडीत बसले. घोडचूक माझीच. पेट्रोल वाढवलं, पण सेन्सरचा तक्ता जुनाच ठेवला. म्हणजे हवा अजून कमीच मोजली जातेय, आणि कॉम्प्युटर समजतोय इंजिनावर भार हलका आहे. भार हलका म्हणून ठिणगी लवकर टाकतोय, म्हणूनच ते दात वाजणं. इकडे इंजिन बिचारं चढावर घाम गाळतंय! असंच दामटलं असतं तर पिस्टनला भोकच पडलं असतं.

वाढवलेलं पेट्रोल काढून टाकलं. तक्ताच नव्या नळीप्रमाणे भरला, एकेक आकडा. भार खरा दिसायला लागला, तशी ठिणगीही मुकाट्याने जागेवर आली. पाठीचा पार बोऱ्या वाजला.

शुक्रवार, ७

एकटीच चढावर नेली. टक्क् म्हणून आवाज नाही! गप्प बसले असते तर कुणाला कळणारही नव्हतं.

पण चहा पितापिता सांगून टाकलं सासूबाईंना — चूक माझी, रस्ता चांगला होता, खोटं बोलले. त्यांनी कप विसळला, पर्स उचलली, रिक्षा केली आणि गेल्या. संपलं! बोनेट बंद.

शनिवार, ८

अबोला. नवरासुद्धा चवड्यांवर चालतोय.

रविवार, ९

शेवटून तिसरा नंबर. चालक — मी!

शुक्रवारी रिक्षाने जाऊन सासूबाईंनी शर्यतीच्या अर्जावर स्वतःऐवजी माझं नाव घातलं होतं. किल्ली हातात ठेवत म्हणाल्या, "उजव्या डोळ्याने नीट दिसत नाही गं, दोन महिने झाले. पोटच्या पोरालाही बोलले नाही. तू खरं सांगितलंस, मग मीच कशाला लपवू?"