बोंबलांसह समुद्र

तीर्थस्वरूप आईस,
चारकोपच्या गाळ्यातून चित्रकार चिरंजीवाचे दंडवत.

वर्षाऋतूच्या आर्द्रतेने तैलरंग वाळत नाहीत. मी मात्र सुखरूप आहे, बहुधा वेळेवर जेवतो. तुझा गुडघा कसा आहे?

मरोळच्या एका इमारतीच्या प्रवेशदालनासाठी खारदांड्याचा किनारा रंगवतो आहे. काल त्या इमारतीचे व्यवस्थापक राजेश गाळ्यावर आले. चित्रात बांबूंवर वाळणारे बोंबील पाहून म्हणाले, "हे काढा ना यार! लोकांना वास येईल."

चित्राला वास येणे ही माझ्या कलेची परमोच्च प्रशस्ती! मी सविनय नकार दिला. "मग काम दुसऱ्याला देतो," ते म्हणाले. त्यांची पाठ वळताच मी बोंबलांची आणखी एक रांग रंगवली.

काम गेलेच, तर दिवाळीत चित्रासह घरी येईन. ओटीवरची भिंत मोकळीच आहे ना?

बोंबील वगळता सर्व बाबतींत तुझा आज्ञाधारक,
मुकुंद