मांडवगडची उतरण

२० नोव्हेंबर १९८५, देवास

पडले. दोनदा. गुडघ्याची साल गेली, कोपर सोलून निघालं. आईला सांगितलं, नळापाशी घसरले.

झालं असं — दुपारी भाऊ दारात येऊन उभा राहिला. "सुने, मला सायकलवर बसता येतं का बघायचंय. टेकडीच्या मागे जाऊ. एकटा नको वाटतं, तू चल."

उन्हाळ्यात कारखान्यात प्रेसखाली त्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. माझ्याहून चार वर्षांनी मोठा, एवढा उमदा फिटर — तेव्हापासून भिंतीकडे तोंड करून पडलेला असतो. तो आपण होऊन बाहेर पडायचं म्हणतोय, मी कशी नाही म्हणणार? चपला घातल्या. माझी कॉलेजातली सायकल काढली.

पुढून देवीची टेकडी म्हणजे पायऱ्या, नारळवाले, गर्दी. मागे कुणी नसतं. गुरांची वाट, मुरूम, मधेमधे सुटे दगड. भाऊ वर गेला, सायकलवर बसला, खाली बघितलं — आणि उतरला. हात खिशात. मला बघवेना. म्हटलं, "त्यात काय! मी दाखवते."

दाखवलं! पहिल्या वळणालाच तोंडावर.

२१ नोव्हेंबर

अंग ठणकतंय. डोळे मिटले की तो उतार दिसतो. पुन्हा जायचं आहे. भावासाठी.

२४ नोव्हेंबर

भाऊ दगडावर बसून बघतो आणि चुका सांगतो. मशीन बघावी तसं बघतो. "वळणात पुढचा ब्रेक दाबलास. चाक अडलं, तू पुढे गेलीस. ब्रेक वळणाच्या आधी. वळणात नाही." काल घरी आल्यावर माझी सीट खाली केली. मडगार्ड, चेनकव्हर काढून टाकलं. "उतारावर बसायचंच नाही. पायडलवर उभं राहायचं, दोन्ही पाय एका पातळीत, अंग मागे. आणि दगडाकडे बघतेस म्हणून दगडावरच जातेस."

आज चार वेळा उतरले, एकदाही पडले नाही! धूळ नाकातोंडात. हसायला येत होतं. एवढ्या मोठ्याने की एक म्हैस बिचकली.

मग भाऊ बसला. डाव्या हाताला फक्त मागचा ब्रेक. थोडं अंतर गेला नि मागचं चाक सरकलं. पडला नाही, पण चेहरा पांढराफटक. मी म्हटलं, राहू दे, हा उतार तुझ्या उपयोगाचा नाही. तुझ्या हाताला चालेल असा मी शोधते.

हे आता माझं काम.

२५ नोव्हेंबर

आई म्हणाली, "सहा महिने खोलीबाहेर येत नव्हती, आता घरात टिकत नाही." 

ग्वाल्हेरच्यांनी साखरपुडा मोडला त्याबद्दल इथे लिहायचं नाही. लिहिलंच तर पान फाडायचं.

३० नोव्हेंबर

गावाबाहेरच्या शंकरगडाच्या डोंगराच्या अंगाने तीन वाटा बघितल्या. आधी पायी चढायचं, दगड कुठे सुटा आहे ते चपलेने हलवून बघायचं, मग सायकल आणायची.

पहिली — काळ्या मातीची, भेगा पडलेल्या. चाक अडकतं. नको.
दुसरी सरळ खाली. थांबायला जागा नाही, समोर बाभळी. भावाला नको. मी मात्र उतरले. बाभळीच्या अलीकडे कशी थांबले, देव जाणे.

तिसरी बरी. आडवी फिरत जाते, मधे सपाट तुकडा, दम घ्यायला.

बकऱ्या चारणारा एक म्हातारा ओरडला, "ओ बई! यां से तो ढोर भी नी उतरे!" मी म्हटलं, "काका, ढोर नी उतरे, हूं उतरूं!" तो कपाळाला हात लावून बसला.

५ डिसेंबर

गेले नाही. दिवसभर चिडचिड. अण्णांशी भांडले, कारण काही नाही.

८ डिसेंबर

भावाने आज हात घातला! सायकलीला म्हणते. गणपतच्या सायकल-दुकानात बसून स्वतःच्या जुन्या सायकलीच्या दोन्ही ब्रेकच्या वायरी डाव्या मुठीलाच आणल्या. पट्टी कापली, भोक पाडलं, सगळं डाव्या हाताने. उजव्याचा अंगठा नि करंगळी नुसती धरायला. मी पाना घेऊन उभी. गणपत मधे बोलायला गेला, "भिया, मैं कर दूं?" तर भाऊ म्हणाला, "नको. होतंय."

होतंय म्हणाला! घरी येऊन आईला सांगितलं तर ती देवापुढे जाऊन बसली.

९ डिसेंबर

तिसरी वाट. भाऊ उतरला. हळू, पाय टेकत टेकत, पण उतरला. खाली येऊन बराच वेळ हँडल सोडेना. मी टाळ्या वाजवल्या. "कसं वाटलं?" विचारलं.

"बरं," म्हणाला. "तुझं बघू दे आता."

२२ डिसेंबर

अण्णांना कळलं. कचेरीतले त्यांचे जुने स्नेही भेटले म्हणे — तुमची कन्या डोंगरावरून सायकलीने खाली येते, हे खरं का?

मला वाटलं, आता सायकल बंद. अण्णा संस्थानच्या काळातले, आवाज चढवत नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "हाडं मोडून घ्यायची असतील तर दोघांनी एकाच दिवशी घेऊ नका. तुमच्या मातुश्रींना एका वेळी एकच झेपेल."

भावाने मान खाली घालून हसू दाबलं. मग म्हणाला, "अण्णा, माझ्याचमुळे येते ती. मला सोबत लागते."

बिचारा. सगळं स्वतःवर घेतलं.

३ जानेवारी १९८६

शंकरगड संपला. म्हणजे माझ्यापुरता संपला. डोळे मिटून उतरेन. आता पायथ्याशी पोचले की पहिला विचार — एवढंच? भाऊ अजून तिसऱ्याच वाटेवर. त्याला घाई नाही. मला आहे. कसली ते कळत नाही. जेवताना पाय हलत असतो, आई ताटावर बोट आपटते.

१४ जानेवारी

संक्रांत. आईबरोबर हळदीकुंकवाला गेले. आईचं इरकल नेसून. वाण घेत होते, मागे कुणीतरी हळूच, "हीच ना ती? ग्वाल्हेरच्यांनी नाही म्हटलं ती?" दुसरी म्हणाली, "काहीतरी असेलच ना."

काहीतरी असेलच ना!

घरी आले, सायकल काढली, तशीच गेले. पदर खोचला, निऱ्या वर ओढून कमरेला बांधल्या. बाभळीची वाट. ब्रेक जवळजवळ लावलाच नाही. खाली पोचले तेव्हा एक ओरखडा नव्हता अंगावर. पण निऱ्या चेनमध्ये. काळं तेल, आणि वीतभर फाटलेलं.

आईने लुगडं घेतलं, रॉकेलचा बोळा घेतला, अंगणात बसून डाग घासत राहिली. बोलली असती तर बरं झालं असतं.

भाऊ सायकल पुसत होता. एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी मला हाक मार. कितीही वाजले असोत."

२६ जानेवारी

धारहून थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान बळवंतराव आले होते. पीथमपूरला एका नव्या कारखान्यात स्टोअरमध्ये माणूस हवाय. फिटर नको, लिहिणारा-मोजणारा हवा, हाताचं ते बघणार नाहीत. भाऊ लगेच हो म्हणाला. धारला अक्काकडे राहून मुलाखत द्यायची.

"मी पण येते," मी म्हटलं.

"तू कशाला?"

धार म्हटल्यावर मला एकच दिसत होतं — मांडवगड! तिथून निमाडच्या मैदानात उतरणारा कडा! भावाला म्हटलं, "मुलाखतीआधी एक मोठा उतार उतर. मग खुर्चीत बसणारा माणूस तुला कसला घाबरवतो!"

तो माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "चल."

१ फेब्रुवारी, धार

दोन्ही सायकली बसच्या टपावर. कंडक्टर म्हणाला, "बाईजी, सर्कस है क्या?"

अक्काने माझी कोपरं बघितली. "कोण करून घेणार तुला अशी?" मी म्हटलं, "तशीही कोण करून घेत होतं?" अक्काने खोबरेल आणून कोपरांना लावलं. 

४ फेब्रुवारी

बळवंतरावांच्या ओळखीच्या जीपमधून मांडवगडला गेले. महाल-बिहाल बघितले नाहीत. सरळ काठावर. खाली निमाड — पिवळट, धुरकट, संपतच नाही. एक जुनी वाट उतरते, लाकडाच्या मोळ्या घेऊन बाया जातात त्या.

पूर्ण वाट पायी उतरले, पूर्ण चढले. वरचा भाग फरसबंद, दगड गुळगुळीत झालेले. मग तीन आवळ वळणं, डाव्या हाताला दरी. मग एक पायरीसारखा खडक, गुडघाभर उंच — तिथे उतरावंच लागेल किंवा उडी. पुढे सागाची पानं, पानांखाली काय ते दिसत नाही. शेवट मोकळा.

भीती वाटली. किती दिवसांनी! टेकडीवरच्या पहिल्या दिवसासारखी.

भावाला येईल का? वळणं येतील. खडकाला उतरून सायकल उचलायची. येईल. मी पुढे राहीन.

७ फेब्रुवारी

मुलाखत पुढे गेली, बुधवारी आहे. भाऊ जेवला नाही नीट. अक्काला म्हणाला, पोट बरं नाही.

९ फेब्रुवारी

पेन कागदात रुततंय. इतका राग.

सकाळी काठावर पोचलो. मी म्हटलं, "मी पुढे. पहिल्या वळणावर थांबते. तू ये, मग पुढचं." निघाले. फरसबंदीवर चाकं थडथडत होती, दात वाजत होते. वळणाआधी ब्रेक, वळणात मोकळं. थांबले. भाऊ दिसेना. हाक मारली. वरून आवाज आला, "तू जा पुढे! येतो!"

गेले. दुसरं वळण, तिसरं. दरी होती, पण मी तिकडे बघितलंच नाही, वाटच बघत होते. खडक आला. थांबायचं ठरवलं होतं. थांबले नाही. अंग मागे टाकलं, पुढचं चाक हवेत — मग सगळं एकदम शांत — आणि मग धाडकन खाली, हँडल हातातून निसटतंय, धरलं, पानांमध्ये शिरले, सरकले, सावरले. आणि मोकळं. खाली निमाडाचा गरम वारा. मी ओरडत होते. काय ओरडत होते कुणास ठाऊक. मोळीवाल्या बाया बघत उभ्या.

वाट बघितली. भाऊ नाही. दरी आठवली! सायकल टाकली आणि वर धावत सुटले. छाती फुटायची वेळ. शेवटी दिसला — दुसऱ्या वळणावर, सायकल हाताने धरून पायी उतरत होता. एकेक पाऊल. कुठे लागलेलं नाही, काही मोडलेलं नाही.

"पडलास?"

"नाही. बसलोच नाही."

मला इतका संताप आला! "अडीच महिने मी तुझ्यासाठी डोंगर पालथे घातले! लोकांची बोलणी खाल्ली! आणि तू बसलाच नाहीस? बोटं गेली, त्याबरोबर हिंमत पण गेली का?"

बोलून गेले. मागून वाट चढत आलेल्या त्या बाया ऐकत होत्या.

 भावाचे डोळे खाली. मग म्हणाला, "खडकावरून उडी मारलीस ना? मला आवाज आला." आणि माझ्या सायकलीपर्यंत पायीच आला. वाकडं झालेलं माझं पायडल डाव्या हाताने सरळ केलं.

परत येताना बसमध्ये वेगवेगळ्या बाकांवर बसलो.

१० फेब्रुवारी

बोललो नाही.

११ फेब्रुवारी

माफी मागायला दोनदा त्याच्या खोलीच्या दारापर्यंत गेले. तो अक्काच्या मुलाला बेरजा शिकवत होता. परत आले.

१२ फेब्रुवारी

लागली! स्टोअरमध्ये, सोमवारपासून. अक्काने शिरा केला. भाऊ हसला सगळ्यांकडे बघून, माझ्याकडेही. मी मात्र अजून काही बोलले नाही.

१७ फेब्रुवारी

पहाटे भावाला पीथमपूरच्या बसपर्यंत सोडायला गेले. सगळा धीर एकवटून म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी बोलले ते —" तो म्हणाला, "असू दे. मला उतार कधीच आवडला नाही, सुने. पहिल्या दिवशीही पाय लटपटत होते. पण तू खोलीतून बाहेरच येत नव्हतीस. दुसरं काय सांगून तुला काढणार होतो?" बस सुटली. मी हातसुद्धा हलवला नाही.