झाम्बोनी रस्त्यावर जेवावं कुठे

५ सप्टेंबर
विद्यापीठातल्या मुलांची 'जेवावं कुठे' ही यादी दरवर्षी सप्टेंबरअखेरीला निघते. गेल्या वर्षी आमच्या खाणावळीचं नाव नव्हतं. छपाईची चूक. तेव्हापासून दुपारी नऊ टेबलांवर चार माणसं, त्यातली दोन पत्ता विचारायला आलेली. यंदाही नाव नसेल तर नाताळात खाणावळ बंद करून समुद्रकाठच्या रिमिनीला तिच्या बहिणीच्या हॉटेलात कामाला जायचं, असं माझी बायको ऑर्नेला म्हणते. मी लगेच हो म्हटलं. नाव नसण्याचा प्रश्नच येत नाही.

७ सप्टेंबर, सकाळी ६
निश्चय. एक : ताल्यातेल्ले पास्त्याची पट्टी शिजल्यावर आठ मिलीमीटर रुंद. प्रत्येक ताट मी मोजणार. दोन : खिम्याच्या रागू सॉसबरोबर कुणी स्पगेटी मागितली, तर आमच्या बोलोन्यात ते का चालत नाही हे समजावणार. तीन : शांतपणे.

९ सप्टेंबर
एकाने स्पगेटी मागितली. शांतपणे समजावलं. चाळीस मिनिटं. न जेवताच गेला, पण चेहरा विचारात पडलेला होता.

१० सप्टेंबर
मी मूळचा इलेक्ट्रिशियन. स्वयंपाक पुस्तकांतून शिकलो, म्हणून पाया पक्का. ऑर्नेला आईचं बघून शिकली. पट्ट्या अंदाजाने कापते. आज तिच्या शंभर मोजल्या. शंभरही आठ मिलीमीटर. योगायोग.

१४ सप्टेंबर
यादी करणारी मुलगी लुदोविका नावाची आहे म्हणे. न सांगता येऊन जेवून जाते, तिला कुणी ओळखत नाही. मी ओळखेन. दुपारी एका चष्मेवालीला आग्रह करकरून दोनदा वाढलं. मीटरचं रीडिंग घ्यायला आली होती.

१६ सप्टेंबर
आता रिसर्च. रोज एक ते तीन इतरांकडे जेवून नोंदी करायच्या. ऑर्नेलाने इतक्या तत्परतेने कोट आणून दिला की मन भरून आलं.

१७ सप्टेंबर
कबाबवाला. रोटीची जाडी असमान. गर्दी तुफान. मुलांना चव नाही. तपासणीसाठी तीन खाल्ले.

१९ सप्टेंबर
विद्यापीठाची मेस. लझान्याला पाचच थर. आचाऱ्याला सांगितलं. उद्यापासून मला आत सोडणार नाहीत.

२४ सप्टेंबर
जरा लवकर परतलो. नऊही टेबलं भरलेली! माझं नाव पसरतंय. मोजपट्टी घेऊन सर्वांना भेटलो. वीस मिनिटांत सगळे गेले. लेक्चर असावं.

३० सप्टेंबर
यादी आली. आम्ही दुसरे! डोळे पाणावले, म्हणून ऑर्नेलाला वाचायला सांगितलं. ती मध्येच थांबली. पुढचं मी वाचलं : 'बाई मागाल ते देतात, रागूबरोबर स्पगेटीसुद्धा. एक ते तीनमध्येच जा. तेव्हा मालक नसतात.'
विचारलं, माझ्या स्वयंपाकघरात स्पगेटी?
ती म्हणाली, "अरे एर्मेते, तुला रिमिनीला जायचंय का?"
समुद्राची हवा मला सोसत नाही.

४ ऑक्टोबर, दुपारी १.४०
आमच्या दारासमोर, कमानीखाली. रांग कोपऱ्यापर्यंत. मागच्या मुलाने विचारलं, "काका, मालक आत नाहीये ना?"
नाही म्हटलं.
"मग थांबतो."
भूक लागली आहे. माझ्यापुढे एकवीस जण.